मे महिन्यातली विहीर, जुलैमधला गिझर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. गुहागर तालुक्यात खाडीजवळ वडिलोपार्जित घर, आई-बाबा तिथेच राहतात, दोघंही सत्तरीच्या पुढचे. घराचं काम काढलंय. जुनी न्हाणी मोडून दोन बाथरूम करायची, दोन्हीकडे छताला मोठा शॉवर आणि पंचवीस लिटरचा गिझर, नाहीतर छपरावर दोनशे लिटरचा सोलर. विहीर एप्रिलच्या मध्यापासून तळ दाखवते आणि मे महिन्यात चाकरमानी आले की घरात बारा-चौदा माणसं होतात. पाणीही वाचेल आणि वीजही वाचेल असं काय बसवू, असं विचारलंत.

मी चोवीस वर्षं चिपळूण, गुहागर, दापोली या पट्ट्यात नळकामाची आणि गिझर-सोलरची कामं करतो. तुमच्यासारख्या घरात शिरलो की मालकाला पहिलं एकच सांगतो. आपल्याकडे पाण्याचा तुटवडा आणि ऊन पाण्याची गरज एका महिन्यात येत नाहीत. विहीर आटते ती एप्रिल-मेमध्ये, आणि तेव्हा पाणी तापवायची कुणाला गरज नसते. उलट टाकीतलं पाणी दुपारनंतर अंगाला पोळतं. ऊन पाणी लागतं ते आषाढ-श्रावणात, जेव्हा कपडे आठ-आठ दिवस वाळत नाहीत आणि म्हाताऱ्या माणसांची हाडं कुरकुरतात, आणि पुढे डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे. आषाढात विहीर काठोकाठ असते. त्यामुळे ही दोन वेगवेगळी कामं आहेत आणि त्यांचे उपायही वेगळे. दुकानदार एकाच खोक्यात दोन्ही विकायला बघतो, तिथे फसगत होते.

आधी पाणी. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. तुमचं छप्पर शंभर चौरस मीटरचं धरलं, तर त्यावरच पावसाळ्यात तीन लाख लिटर पाणी पडतं. पण खाली जांभा आहे. जांभा पाणी पितो तितक्याच लवकर सोडून देतो, ते पऱ्यातून खाडीला जातं. म्हणून फाल्गुनापर्यंत भरलेली दिसणारी विहीर चैत्रात झपाट्यानं खाली जाते. शहरासाठी माणशी दिवसाला १३५ लिटरचा जो हिशेब धरतात, त्यात नुसत्या आंघोळीला ५५ लिटर आहेत. आणि २०१९ मध्ये सुरू झालेल्या जलजीवन मिशननं खेड्यातल्या माणसाला अख्ख्या दिवसासाठी धरलेत तेही ५५ लिटरच. म्हणजे शहरातल्या सवयीची आंघोळ गावात केली, की त्या माणसाचा दिवसाचा वाटा न्हाणीतच संपला.

एक घर मला कायम आठवतं. दाभोळ खाडीच्या काठावर, तुमच्यासारखंच नवं केलेलं. मालकाच्या आग्रहावरून मी ताटाएवढा छतशॉवर बसवला, तो नीट पडावा म्हणून टाकीखाली प्रेशर पंप बसवला. नंतर मोजलं तर मिनिटाला चौदा लिटर पाणी पडत होतं. मे महिन्यात नऊ पाहुणे आले, प्रत्येकानं सात-आठ मिनिटं आंघोळ केली, आणि सकाळच्या आठपर्यंत हजार लिटरची टाकी रिकामी झाली. विहिरीवरचा पंप चालू केला तो कोरडा फिरला आणि जळला. ऐन सुट्टीत घरात चार दिवस पाणी नव्हतं. तो प्रेशर पंप मी बसवायला नको होता, हे मी त्या मालकांना तेव्हाही सांगितलं. त्यानंतर उन्हाळ्यात विहीर आटणाऱ्या घरात मी शॉवरसाठी प्रेशर पंप बसवत नाही.

यावरून शॉवर वाईट आणि बादली चांगली असं समजू नका. मिनिटाला किती पडतं आणि किती मिनिटं पडतं, एवढंच बघायचं. वीस लिटरच्या बादलीत आंघोळ होते. मिनिटाला पाच लिटरचा शॉवर चार मिनिटं चालला तरी वीसच लिटर. साबण लावताना बंद केला तर त्याहून कमी. पण चौदा लिटरच्या शॉवरखाली दीड मिनिट उभं राहिलं की बादली संपली, आणि दीड मिनिटात कुणी बाहेर येत नाही.

म्हणून काही विकत घेण्याआधी मोजा. दहा लिटरची बादली जुन्या शॉवरखाली किंवा नळाखाली धरा, मोबाईलवर सेकंद लावा. बादली एका मिनिटात भरली तर दहा लिटर, दोन मिनिटांत भरली तर पाच. हे मोजमाप फार महत्त्वाचं आहे, कारण बाजारात मिळणारे 'पाणी वाचवणारे' शॉवर बहुतेक दाबावर चालणारे असतात. ते पाण्यात हवा मिसळतात किंवा बारीक भोकांतून पाणी फेकतात, आणि त्याला इमारतीतल्या वीस-तीस मीटर उंचीच्या टाकीचा दाब लागतो. आपल्या कौलारू घरांत टाकी मागच्या पडवीच्या वर, किंवा चिऱ्याच्या चौथऱ्यावर असते. शॉवर आणि टाकीचं बूड यांत जेमतेम दीड-दोन मीटरचं अंतर. दहा मीटर उंचीला साधारण एक बार दाब मिळतो, म्हणजे तुमच्याकडे ०.२ बारच्या आसपास. तिथे असला महागडा शॉवर बसवला की थेंब-थेंब पाणी येतं, माणूस वैतागतो आणि मग प्रेशर पंप येतो. वाचवायला निघालेलं पाणी असं दुप्पट होऊन जातं.

पंपाशिवाय, नुसत्या टाकीच्या उंचीवर पाणी येणाऱ्या घरात तळहाताएवढा, मोठ्या भोकांचा साधा शॉवर घ्यावा. तो आपोआपच मिनिटाला चार-सहा लिटर देतो. त्याहून चांगला म्हणजे मुठीत दाबायचं बटण असलेला हातशॉवर. आई-बाबांसाठी तर मी तोच सांगेन. भिंतीला धरायचा दांडा, बसायला बुटका पण पक्का स्टूल, आणि हातात शॉवर. बसून आंघोळ करणारा माणूस पाणी जिथे हवं तिथेच घेतो, बटण सोडलं की धार थांबते आणि घसरायची भीती जाते. एक मात्र प्लंबरकडून करून घ्या. हातशॉवर बटणानं बंद केला आणि मागचा मिक्सर उघडाच राहिला, तर गार पाणी ऊन पाण्याच्या लाईनीत शिरतं किंवा उलट होतं. त्यासाठी मिक्सरच्या आधी दोन्ही लाईनींवर पाणी उलटं जाऊ न देणारे नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह हवेत. मग सोलरची टाकी आपोआप गार का होते, असा प्रश्न पडत नाही. असल्या तक्रारीसाठी मला वर्षातून पाच-सहा वेळा तरी बोलावणं येतं आणि बहुतेक वेळा तिथे हा व्हॉल्व्हच नसतो.

पाहुण्यांच्या बाथरूमला मी शॉवरची लाईन ठेवीन, पण तिच्यावर एक वेगळा कॉक देईन. मार्चअखेर तो बंद करायचा आणि बादली-तांब्या बाहेर काढायचा. पाहुण्यांना काही वाटत नाही. विहिरीत किती हात पाणी उरलंय ते मुलांना रहाटापाशी नेऊन दाखवलं, तर तीच मुलं घरभर नळ बंद करत फिरतात. आणि उपसा एकदम करू नका. सकाळी थोडा, संध्याकाळी थोडा. मधल्या वेळात झरे विहीर भरून काढतात आणि पंपही कोरडा फिरत नाही.

न्हाणीचं पाणी संडासच्या टाकीत सोडू नका. अजूनही नवीन घरांत सगळं एकाच पाईपात घालतात, मला ते पाहवत नाही. मोठ्या माडाला उन्हाळ्यात दिवसाला साधारण चाळीस लिटर पाणी लागतं, म्हणजे दोघांच्या आंघोळीचं पाणी एका माडाचं झालं. आपल्या आज्यांच्या काळी न्हाणीच्या मागे अळू, केळी, कर्दळ आणि पुढे माड असायचा तो याच हिशेबानं. पाईपच्या तोंडाशी केस आणि कचरा अडवायला जाळी, पुढे वाळू-खडीचा छोटा खड्डा, तिथून आळ्यात. अंगाच्या साबणानं झाडाचं काही बिघडत नाही, फक्त रोज एकाच आळ्यात न सोडता आलटून-पालटून सोडा आणि पाणी साचू देऊ नका, डास होतात. कपड्यांच्या पावडरचं पाणी वेगळं काढलेलं बरं.

आता वीज. पाणी वर चढवायला फारशी वीज लागत नाही. हजार लिटर पाणी विहिरीतून टाकीपर्यंत वीस मीटर चढवायला, छोट्या पंपाची सगळी तूट धरूनही, पाव युनिटच्या आत खर्च होतो. तेच हजार लिटर पंधरा अंशांनी तापवायला साडेसतरा युनिटं लागतात. त्यामुळे मे महिन्यात गार पाणी वाचवलंत तर विहीर वाचते, बिल वाचत नाही. बिल वाचतं ते जुलैत आणि जानेवारीत, तापवलेलं पाणी कमी वापरल्यानं. आणि जे तापवलं पण वापरलंच नाही, ते सर्वांत महाग.

पाठ करून ठेवायचा हिशेब एवढाच: शंभर लिटर पाणी दहा अंशांनी तापवायला १.१६ युनिट. कुठल्याही कंपनीचा गिझर असो, यापेक्षा कमी विजेत कॉईल पाणी तापवूच शकत नाही. आपल्याकडे टाकीतलं पाणी थंडीच्या सकाळीही पंचवीस अंशांच्या आसपास असतं, आंघोळीला चाळीस पुष्कळ झालं. एका बादलीला म्हणजे वीस लिटरला सुमारे ०.३५ युनिट पडतं. आता तुमचा पंचवीस लिटरचा गिझर बघा. तो पंचवीस अंशांचं पाणी साठ अंशांवर नेतो, त्याला एक युनिट लागतं आणि दोन किलोवॉटच्या कॉईलला अर्धा तास. त्यात गार पाणी मिसळलं की अडीच बादल्या, जवळजवळ तीन, आंघोळीजोगं पाणी होतं. तीन माणसं लागोपाठ न्हाली तर हिशेब चोख आहे. पण बाबा सहाला न्हाले, आई देवपूजेच्या आधी नऊला, आणि मधे गिझर चालूच राहिला, तर उरलेलं पाणी भिंतीवर नुसतं निवत राहतं आणि कॉईल ते पुन्हा पुन्हा तापवते. दोघांसाठी असे दोन गिझर दोन बाथरूममध्ये, म्हणजे रोज जवळपास दीड युनिट उगाच.

आई-बाबांच्या बाथरूमला मी पंधरा लिटरचा, जास्त स्टारचा म्हणजे कमी वीज खाणारा गिझर घेईन. त्यात एका वेळी पस्तीसेक लिटर आंघोळीचं पाणी होतं, दोघांना लागोपाठ पुरतं. आंघोळीच्या वीस मिनिटं आधी चालू, न्हायला जाताना बंद. पाहुण्यांच्या बाथरूमला गिझरची जागा आणि वायर तेवढी काढून ठेवा. मे महिन्यात तो लागणार नाही, गणपतीत लागला तर तेव्हा बघता येईल. टाकी आतून ग्लासलाइन केलेली, म्हणजे काचेचा थर दिलेली घ्या. खाडीजवळच्या विहिरीचं पाणी उन्हाळ्याच्या शेवटी मचूळ होतं, ते साध्या स्टीललाही बारीक भोकं पाडतं. टाकीच्या आत मॅग्नेशियमचा दांडा असतो, तो स्वतः झिजून टाकी वाचवतो. दरवर्षी शिमग्याच्या आसपास उघडून बघा, बोटाएवढा उरला असेल तर बदला. घाटावर कॉईलवर चुन्याचा थर बसतो, तो त्रास आपल्याकडे कमी. जांभ्याचं पाणी मऊ आणि किंचित आंबट, म्हणून ते जुने लोखंडी पाईप आतून खातं. ऊन पाण्याला चालणारे सीपीव्हीसीचे प्लास्टिक पाईपच टाका.

तीन लिटरचा, तीन किलोवॉटचा इन्स्टंट गिझर मी तुम्हाला सुचवत नाही, आणि त्याचं कारण व्होल्टेज. पूर्ण २३० व्होल्टवर तो मिनिटाला तीनेक लिटर पाणी पंधरा अंशांनी तापवतो, म्हणजे बारीक धारेचा शॉवर जेमतेम. पण तुमच्या वाडीत संध्याकाळी व्होल्टेज १८० वर येतं असं तुम्हीच लिहिलंत. व्होल्टेज इतकं उतरलं की कॉईलची ताकद निम्म्याच्या थोडी वर, एकसष्ट टक्क्यांवर येते. मग तीन लिटरच्या जागी पावणेदोन लिटर. टाकीवाल्या गिझरला व्होल्टेज कमी असेल तर फक्त वेळ जास्त लागतो, पाणी तापतंच.

अर्थिंगबद्दल मात्र हात जोडून सांगतो. आपली घरं कातळावर. जांभा उन्हाळ्यात कोरडा पडला की अर्थिंगचा खड्डा जवळजवळ निकामी होतो आणि गिझरमध्ये करंट उतरला तर त्याला जमिनीत जायला वाट राहत नाही. तो नळाला हात लावणाऱ्याच्या अंगातून जातो. म्हणून तीस मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारी कळ, बसवल्याशिवाय गिझर चालू करू नका. तिच्यावरचं टेस्टचं बटण महिन्यातून एकदा दाबून ती पडते का ते बघा. अर्थिंगच्या खड्ड्यात उन्हाळ्यात आठवड्याला घागरभर पाणी ओता. बाकी कुठेही काटकसर करा, इथे नको.

गॅस गिझर स्वस्त आहे, पाणी झटकन तापतं आणि वीज गेली तरी चालतो, हे सगळं खरं. पण तो बाथरूमच्या आत कधीही नको. बंद जागेत जळणारा गॅस हवेतला ऑक्सिजन खातो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. न्हाणारा माणूस गुंगी येऊन पडतो आणि बाहेरच्यांना कळतही नाही. एकदा दार फोडून बाहेर काढलेली मुलगी मी पाहिली आहे. ती वाचली, पण ती वीस मिनिटं मी विसरलेलो नाही. बसवायचाच तर बाहेर मोकळ्या पडवीत, आणि टाकीच्या एवढ्या कमी दाबावर तो पेटेल का, हे आधी तपासून.

सोलर. थंडीत ऊन लख्ख असतं तेव्हा शंभर लिटरची यंत्रणासुद्धा साठ अंशांचं पाणी देते, म्हणजे दिवसाला जवळपास चार युनिटांचं काम फुकट. पण तुमचे आई-बाबा दोघं मिळून रोज चाळीस लिटर पाणी वापरणार, त्याला लागतं पाऊण युनिट. दोनशे लिटरचा सोलर त्यांना घागरभर पाण्यासाठी तळं बांधल्यासारखा आहे. जून ते सप्टेंबर, ज्या महिन्यांत त्यांना ऊन पाणी खरोखर हवं, तेव्हा आभाळ भरलेलं. उन्हाळ्यात तेच पाणी उकळायला येतं आणि वापरायला कुणी नाही. शिवाय काचेच्या नळ्यांवर माड झुकलेला असेल तर नारळ आणि झावळ पडणार, वानरं आहेतच. आणि वारा. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानं रायगड आणि उत्तर रत्नागिरीतली छपरं उचलली, तेव्हा नुसत्या पत्र्याला स्क्रूनं अडकवलेले सोलरचे सांगाडे मी परसात उलटे पडलेले पाहिले. घरी न्याहारी-निवासाचा व्यवसाय करायचा असेल, डिसेंबरमध्ये रोज दहा-बारा माणसं न्हाणार असतील, तर सोलर जरूर घ्या, काँक्रीटच्या चौथऱ्यावर आणि जाड गॅल्वनाइज्ड स्टँडवर. नुसत्या घरासाठी त्या पैशात विजेची पॅनेलं जास्त उपयोगी पडतील. पीएम सूर्यघर योजनेत तीन किलोवॉटला ७८,००० रुपये अनुदान आहे, आणि ती वीज गिझरपुरती अडकून पडत नाही, पंख्याला, पंपाला, फ्रिजला सगळीकडे चालते.

मे महिन्यात मात्र तुमच्याकडे फुकटचा सोलर आहेच, छपरावरची काळी टाकी. आई-बाबांना कोमट पाणी हवंसं वाटलं तर संध्याकाळी पाच-सहाला न्हायला सांगा. टाकीचं पाणी तेव्हा हवं तेवढं तापलेलं असतं.

गिझर कुठल्या भिंतीवर टांगायचा हे आजच ठरवा, फरशी बसायच्या आधी. नळापासून हातभर अंतरावर. पाईपात उभं असलेलं गार पाणी दर आंघोळीला आधी बाहेर सांडतं आणि आंघोळ झाल्यावर तेवढंच तापलेलं पाणी आत अडकून निवतं. पाऊण इंची पाईपात मीटरला पाव लिटर पाणी मावतं. सोलर छपराच्या पलीकडल्या टोकाला आणि पाईप पंधरा मीटर, असं झालं तर दर वेळी चार लिटर वाया. अर्धा इंची पाईपानं ते निम्म्यावर येतं. ऊन पाण्याच्या लाईनीवर काळं फोमचं वेष्टन घाला, आणि सुरुवातीचं पाणी खाली बादलीत धरायची सवय लावा.

शेवटी तुम्ही लिहिलंत की आई अजून तांब्याच्या बंबातच पाणी तापवते आणि तो आता भंगारात द्यायचा आहे. देऊ नका. तुमच्या वाडीत माड आहेत, सोडणं, चुडतं, करवंट्या वर्षभर पडतात, सरपण विकत घ्यावं लागत नाही. आषाढात दोन-दोन दिवस वीज जाते तेव्हा तुमचा गिझर भिंतीवर नुसता टांगलेला असेल. फक्त बंब न्हाणीच्या आत नको, धूर कोंडतो. मागच्या पडवीत, पागोळ्या अंगावर येणार नाहीत एवढा आत, त्याच्यासाठी दीड हाताचा चिऱ्याचा ओटा बांधून घ्या, आणि तिथून बाथरूमपर्यंत आईला बादली उचलावी लागणार नाही अशा बेतानं भिंतीतून एक नळ काढा. तांब्याची तोटी गळत असेल तर आत्ताच कल्हईवाल्याकडून किंवा तांबटाकडून डाग देऊन घ्या, पाऊस सुरू झाल्यावर कुणी येत नाही.